पहिली फुल मॅरेथॉन: हाफ जमली, आता ४२ ची तयारी नेमकी कुठल्या क्रमाने करायची

हाफ मॅरेथॉन एक-दोनदा नीट झाली की डोक्यात फुलचा किडा शिरतोच. मग रजिस्ट्रेशन होतं, नवे शूज येतात, कुठूनतरी एक प्लॅन डाउनलोड होतो, आणि रेसच्या दिवशी २८ किलोमीटरपर्यंत झकास धावणारा माणूस ३२ ला रस्त्याच्या कडेला मांडी धरून उभा असतो. हे इतक्यांदा बघितलंय की एकदा सगळं सविस्तर लिहून काढावं म्हटलं. मेहनत बहुतेक सगळेच करतात, चुकतो तो क्रम. बेस (सोप्या धावण्याचा पाया) नसताना स्पीड, जेलची (धावता धावता खायच्या, पाकिटातल्या गोड घट्ट रसाची) सवय नसताना थेट रेसमध्ये जेल, आणि शेवटच्या आठवड्यात घाबरून केलेला एक मोठा रन, या तीन गोष्टी टाळल्या तरी अर्धं काम होतं.

सुरुवातीलाच एक हिशोब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धावताना साधारणपणे दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे १ कॅलरी लागते. म्हणजे ७० किलोच्या माणसाला हाफसाठी १,५०० च्या आसपास आणि ४२.१९५ किलोमीटरसाठी २,९०० च्या वर. स्नायू आणि लिव्हरमध्ये साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे कार्बोहायड्रेटचा साठा, मिळून भरतं साधारण २,००० कॅलरींचं. त्यामुळे हाफ तुम्ही काही न खाता, थोडी जोरात सुरुवात करूनसुद्धा रेटून नेऊ शकता, साठा पुरतो. फुलमध्ये तो ३० च्या पुढे कुठेतरी संपत येतो, चरबीतून ऊर्जा मिळते पण ती हळू मिळते, आणि पाय अचानक दगडासारखे होतात. यालाच धावणारे ‘वॉल’ म्हणतात. खालच्या सगळ्या टप्प्यांचा उद्देश एकच, शेवटच्या १२ किलोमीटरला काहीतरी शिल्लक ठेवणं.

टप्पा १: रेस निवडा आणि तारखेपासून उलटं मोजा

आधी स्वतःला विचारा की गेले दोन महिने आठवड्याला किती किलोमीटर धावताय. २५-३० होत असतील तर बेससाठी ६ ते ८ आठवडे आणि मुख्य तयारीसाठी १६, म्हणजे पाच-साडेपाच महिने हातात हवेत. त्यापेक्षा कमी धावत असाल तर आणखी दोन महिने धरा. मित्रांनी नाव दिलं म्हणून तीन महिन्यांवरची रेस घेऊ नका, तिथे हाफच धावा, त्यात काही कमीपणा नाही.

रेस निवडताना तीन गोष्टी बघा.

कटऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची मुदत, किती आहे आणि तो कुठून मोजतात. बऱ्याच ठिकाणी तो बंदुकीच्या वेळेपासून, म्हणजे गन टाइमपासून मोजतात, तुमचा चिप टाइम, म्हणजे तुम्ही स्वतः स्टार्ट लाइन ओलांडल्यापासूनचा वेळ, नंतर सुरू होतो. मागच्या गटात उभे असाल तर स्टार्ट लाइनपर्यंत पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. मधले कटऑफ पण असतात, ते रेसच्या नियमावलीत शोधून लिहून ठेवा.

चढ-उतार कुठे आहेत. एकूण उतार जास्त म्हणजे सोपा कोर्स, हा मोठा गैरसमज. बॉस्टन मॅरेथॉनचा कोर्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ १४० मीटर खाली उतरतो आणि तरीही तो अवघड मानला जातो, कारण सुरुवातीच्या उतारावर मांड्या ठेचून निघतात आणि मग २६ किलोमीटरनंतर न्यूटन गावच्या टेकड्या येतात, त्यातली शेवटची हार्टब्रेक हिल बरोबर ३२-३३ किलोमीटरच्या आसपास. उतारावर स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, त्याने होणारी झीज त्यावेळी कळत नाही, दोन तासांनी कळते. तुमच्या रेसमध्ये उतार असेल तर लाँग रनमध्येही, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब रनमध्येही, उतार हवा.

हवामान कसं असणार. पहिल्या फुलला थंडीतली किंवा निदान पहाटे लवकर सुरू होणारी रेस घ्या. उन्हाळी रेस घ्यायचीच असेल तर उष्णतेची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात, तेवढे दिवस रेससारख्या हवेत धावणं प्लॅनमध्ये घाला.

> सावधान: चाळिशी ओलांडली असेल, घरात कमी वयात हृदयविकाराची केस असेल, बीपी किंवा शुगर असेल, किंवा धावताना कधी छातीत दाब, चक्कर जाणवली असेल तर प्लॅन सुरू करण्याआधी डॉक्टरकडे जा. हाफला काही झालं नाही हे सर्टिफिकेट नाही.

टप्पा २: बेस, ६ ते ८ आठवडे, फक्त सोपं धावणं

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त लोक हाच गाळतात. आठवड्याला चार दिवस धावायचं, सगळे रन सोप्या पेसला (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ). सोपं म्हणजे किती, तर धावता धावता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, दोन शब्दांनी दम लागत असेल तर ते सोपं नाही. आकड्यात हवं असेल तर हाफच्या पेसपेक्षा किलोमीटरला १ ते दीड मिनिट हळू. हाफ सव्वादोन तासांत केली असेल तर तो पेस ६:२४ होतो, म्हणजे तुमचे सोपे रन ७:२५ ते ७:५५ च्या मधे असायला हवेत.

इथे घड्याळाच्या हार्टरेट झोनवर आंधळा विश्वास ठेवू नका. बहुतेक घड्याळं २२० वजा वय या सूत्रावर झोन ठरवतात आणि ते सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, त्याहून जास्तही. बोलून बघायची टेस्ट त्यापेक्षा भरवशाची.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रोजचा प्रत्येक रन मधल्या स्पीडने करणं, ना धड सोपा ना धड जोराचा. त्याने थकवा साठतो पण फायदा तेवढा मिळत नाही, आणि जेव्हा खरंच जोर लावायचा असतो त्या दिवशी पाय उठत नाहीत. हळू धावल्याने हृदय, केशिका, स्नायूंमधली चरबी जाळायची क्षमता वाढते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि हाडं, जी दमापेक्षा कितीतरी हळू तयार होतात, त्यांना वेळ मिळतो. दम दीड महिन्यात सुधारतो, नडगीचं हाड त्या वेगाने सुधारत नाही. बहुतेक इंजुरी या फरकातून येतात. माणसाला वाटतं आपण आता तयार आहोत आणि पाय अजून तयार नसतात.

याच काळात आठवड्यातून दोनदा २०-२५ मिनिटं स्ट्रेंथ सुरू करा. जिम लागत नाही. एका पायावर टाचा उचलणं, एका पायाचे स्क्वॉट किंवा स्टेपवर चढणं, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), प्लँक, एवढं पुरे. टाचा उचलणं मात्र सोडू नका, पोटरी आणि टाचेमागचं अकिलीस टेंडन हेच पुढे ३५ व्या किलोमीटरला तुम्हाला ढकलणार आहेत.

> इथे थांबा, तपासा: सलग चार आठवडे ३५ किलोमीटरच्या आसपास धावणं झालं का? कुठलंही दुखणं आठवड्यागणिक वाढत नाहीये ना? सकाळी पहिली पावलं टाकताना टाच किंवा अकिलीस धरत नाही ना? तिन्हीचं उत्तर चांगलं असेल तरच पुढे जा, नाहीतर याच टप्प्यात आणखी दोन-तीन आठवडे थांबा.

टप्पा ३: मुख्य १६ आठवडे

आठवड्याची मांडणी साधी ठेवा. लाँग रन रविवारी असेल तर सोमवारी पूर्ण विश्रांती, मंगळवारी ८ किलोमीटर सोपं आणि स्ट्रेंथ, बुधवारी किंवा गुरुवारी १० ते १४ चा मिडियम रन, शुक्रवारी परत स्ट्रेंथ किंवा आराम, शनिवारी ५-६ अगदी सावकाश, आणि रविवारी मोठा. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असे तुकडे), ट्रॅक वगैरे पहिल्या फुलला लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून जे मिळतं त्यापेक्षा इंजुरीचा धोका मोठा.

लाँग रनचा क्रम असा ठेवता येईल:

१. आठवडा १ ते ४: १६, १८, २०, १५
२. आठवडा ५ ते ८: २२, २४, २६, १८
३. आठवडा ९ ते १२: २८, २४, ३०, २०
४. आठवडा १३ ते १६: ३२, २०, १३, रेस

दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी होतंय ते मुद्दाम आहे, चुकून नाही, त्या आठवड्यात जोश आला तरी वाढवू नका. शरीर मजबूत होतं ते विश्रांतीत, धावताना फक्त झीज होते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची अट. लाँग रन साडेतीन तासांच्या वर न्यायचा नाही, मग अंतर कितीही झालेलं असो. तुमचा पेस ८ मिनिटांचा असेल तर ३२ किलोमीटरला सव्वाचार तास लागतात, आणि त्यातून सावरायला इतके दिवस जातात की पुढचा आठवडा वाया जातो. अशा वेळी साडेतीन तासांत २६ होतात, तिथेच थांबा, आणि आदल्या दिवशीचा रन ६ ऐवजी १२ चा करा म्हणजे रविवारचे २६ थकलेल्या पायांनी होतील. सरावात एकदा ४२ धावून बघतो म्हणजे आत्मविश्वास येईल, असं बरेच जण म्हणतात. कृपया हे करू नका. ते अंतर एकदाच करायचं, रेसच्या दिवशी.

२४ च्या पुढच्या काही लाँग रनमध्ये शेवटचे ६ ते ८ किलोमीटर मॅरेथॉन पेसला (रेससाठी ठरवलेल्या पेसला) करा, सगळ्यात नको, एक सोडून एक. सुरुवात कंटाळा येईल इतकी हळू आणि शेवट जरा वेगात, ही सवय अंगात भिनली पाहिजे कारण रेसला नेमकी उलटी इच्छा होते.

आजारपण, ऑफिस, प्रवास यामुळे आठवडे चुकणारच. एक आठवडा चुकला तर जिथे आहात तिथून पुढे चला, चुकलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात कोंबू नका. दोन आठवडे गेले तर प्लॅनमध्ये दोन पायऱ्या मागे या. मुख्य काळात तीन-चार आठवडे गेले तर शांतपणे हाफमध्ये बदलून घ्या किंवा पुढची रेस बघा. ताप असताना आणि ताप उतरल्यावर लगेच धावायचं नाही, यात कुठलीही सूट नाही.

> सावधान: दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, हालचालीने मोकळं होणारं दुखणं म्हणजे थकवा. एका बाजूचं, एका बोटाने दाखवता येईल असं, हाडावर दाबलं की चमक मारणारं, रात्री ठणकणारं दुखणं म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका. धावणं बंद आणि ऑर्थोपेडिककडे. आणि दुखण्यामुळे पाऊल टाकायची पद्धत बदलली असेल तर तो रन तिथेच संपला, उरलेलं अंतर चालून घरी या.

टप्पा ४: धावताना खाणं-पिणं, याचाही सराव लागतो

पाय तयार असतात, पोट तयार नसतं, आणि रेस तिथे बिघडते. पोटालाही धावता धावता पचवायची सवय लावावी लागते आणि ती निदान पाच-सहा लाँग रनमध्ये लावावी लागते.

आधी घामाचा अंदाज घ्या. धावण्याआधी कमीतकमी कपड्यांत वजन करा, रेसच्या वेळेसारख्या हवेत एक तास धावा, घाम पुसून परत वजन करा. १ किलो कमी झालं म्हणजे साधारण १ लिटर घाम गेला, मधे पाणी प्यायलं असेल तर ते त्यात मिळवा. हा आकडा पूर्ण भरून काढायचा नसतो, तो फक्त तुम्ही कुठल्या गटात आहात ते सांगतो. तासाला अर्धा लिटर जाणाऱ्याने दीड लिटरवाल्याचं बघून पाणी पिऊ नये.

कारण जास्त पाणी पिणं हा कमी पिण्याइतकाच धोका आहे, आणि हळू धावणाऱ्यांना जास्तच, त्यांना प्यायला वेळ मिळतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये फिनिश लाइनवर ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं निघालं आणि त्याचा सगळ्यात ठळक संबंध होता धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पिण्याशी. मळमळ, डोकं दुखणं, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं आहेत, आणि लोक त्याला डिहायड्रेशन समजून आणखी पाणी पाजतात. सॉल्टच्या गोळ्या घेतल्या म्हणजे हवं तेवढं प्यायला मोकळीक मिळाली असंही नाही. तहान लागेल तसं, घोट-घोट, हा नियम बहुतेकांना पुरतो.

खाण्याचं गणित: तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट). एका साध्या जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, पाकिटावर बघून घ्या, काहींमध्ये जास्त असतात. पहिलं ३०-४० मिनिटांनी आणि मग दर ३० मिनिटांनी एक, भूक लागली नाही तरी. दमल्यावर घेऊ म्हणून थांबलात तर उशीर झालेला असतो, एकतर साठा संपलाय आणि वर पोटाकडचा रक्तपुरवठाही कमी झालाय. जेलबरोबर पाणीच घ्या, स्पोर्ट्स ड्रिंक नको, दोन्ही मिळून पोटात इतकं गोड होतं की ढवळायला लागतं. जेल चालत नसेल तर खजूर, केळं, चघळायच्या गोळ्या काहीही चालेल, फक्त ग्रॅमचा हिशोब आणि सराव दोन्ही हवेत.

जेल खायची पण एक पद्धत आहे. घामट बोटांनी पाकीट फाटत नाही, म्हणून पाण्याचं टेबल दिसायला लागलं, साधारण २०० मीटर आधी, की पाकीट शॉर्ट्सला कोरडं पुसून दाताने कोपरा फाडायचा, अर्धं तोंडात पिळायचं, गिळायचं, मग उरलेलं, आणि टेबलापाशी दोन-तीन घोट पाणी. सगळं एकदम तोंडात घेतलं की श्वास अडतो आणि ठसका लागतो. हे लाँग रनमध्ये चार वेळा केलं की रेसमध्ये विचारही करावा लागत नाही.

> तपासा: ३० च्या लाँग रनला तुम्ही रेसच्या प्लॅनइतकंच खाल्लं का, आणि पोट ठीक राहिलं का? नसेल तर ब्रँड, चव किंवा प्रमाण आता बदला, टेपरमध्ये (रेसआधीच्या, धावणं कमी करायच्या शेवटच्या तीन आठवड्यांत) नाही.

टप्पा ५: शूज आणि अंगावरच्या गोष्टी

हे पटकन. रेसचे शूज आधी ६०-८० किलोमीटर धावलेले हवेत, त्यात एक लाँग रन हवाच. जुन्या जोडीवर ६००-७०० किलोमीटर होऊन गेले असतील तर ती रेसला नको. धावताना पाय सुजतो, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. नखं रेसच्या चार-पाच दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. काख, मांड्यांचा आतला भाग, ब्राची पट्टी, पट्ट्याची कड इथे व्हॅसलीन, पुरुषांनी निपलवर टेप, नाहीतर ३० नंतर टी-शर्टवर रक्ताचे दोन पट्टे उमटतात. कॉटनचे मोजे नकोत. रेसच्या कपड्यांत, त्याच मोज्यांत, त्याच बेल्टसकट एक पूर्ण लाँग रन करा. एक्स्पोमध्ये (रेसआधीच्या प्रदर्शनात) घेतलेला नवा टी-शर्ट घालून दुसऱ्या दिवशी ४२ धावायला जाऊ नका, फोटो चांगला येतो पण काखा सोलून निघतात.

टप्पा ६: टार्गेट वेळ ठरवणं

हाफची वेळ गुणिले दोन, हे चुकीचं. धावणाऱ्यांमध्ये वापरलं जाणारं रीगलचं सूत्र असं सांगतं की अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होतो. सव्वादोन तासांच्या हाफला ४ तास ४१ मिनिटं. पण हे सूत्र फुलची तयारी पूर्ण झालीय असं धरून चालतं, आणि पहिल्यांदा धावणाऱ्याची ती क्वचितच पूर्ण असते. म्हणून त्यात आणखी १०-१५ मिनिटं घाला. या उदाहरणात ४:५० ते ५:०० हे प्रामाणिक टार्गेट.

पेसचे आकडे: ४ तासांना ५:४१, साडेचार तासांना ६:२४, ५ तासांना ७:०७, साडेपाचला ७:४९, ६ तासांना ८:३२.

इथे घड्याळाची एक भानगड लक्षात ठेवा. कोर्स मोजतात तो सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणांच्या आतल्या कडेने. तुम्ही गर्दीत बाहेरून धावता, टेबलांकडे जाता-येता, आणि जीपीएसही थोडा भर घालतं, त्यामुळे फिनिशला घड्याळात ४२.५ ते ४२.९ दिसणं नेहमीचं आहे. कोर्स चुकीचा नसतो. घड्याळात ४२.७ होणार असतील तर ५ तासांसाठी घड्याळावरचा पेस ७:०७ नाही, ७:०२ लागतो. उपाय सोपा, ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप दर किलोमीटरची नोंद घेणं) बंद करा आणि किलोमीटरच्या बोर्डापाशी स्वतः लॅप दाबा, किंवा ५, १०, २१, ३० ला किती वाजले पाहिजेत ते हातावर लिहा.

रन-वॉक (थोडं धावणं, थोडं चालणं) करणार असाल तर ते पहिल्या किलोमीटरपासून करा. जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केलेली ही पद्धत पूर्णपणे इज्जतदार आहे. ४ मिनिटं ६:४० च्या पेसला धावणं आणि १ मिनिट १० च्या पेसला चालणं केलं तर सरासरी ७:०९ येते, म्हणजे फिनिश ५ तासांच्या आसपासच. दमल्यावर चालू असं ठरवलंत तर तो प्लॅन नाही, ती फक्त वाट बघणं आहे.

टप्पा ७: टेपर, शेवटचे तीन आठवडे

किलोमीटर कमी करायचे, धावण्याचे दिवस फार कमी करायचे नाहीत. सगळ्यात मोठ्या आठवड्याच्या तुलनेत आधी ७५ टक्के, मग ६०, आणि रेसच्या आठवड्यात रेस सोडून ३०-३५. मधल्या आठवड्यात २-३ किलोमीटर मॅरेथॉन पेसला ठेवा म्हणजे पाय जड पडणार नाहीत.

या दिवसांत विचित्र वाटतं. कधी न दुखलेला गुडघा दुखतो, अंग जड होतं, आपली सगळी तयारी गेली असं वाटून झोप उडते. हे जवळजवळ सगळ्यांना होतं. याच घबराटीत लोक रेसच्या आठ-दहा दिवस आधी एक २८ मारून येतात आणि महिन्यांची मेहनत त्या एका सकाळी खर्च करतात. शेवटच्या दहा दिवसांत केलेल्या लाँग रनचा फायदा रेसपर्यंत पोचत नाही, थकवा मात्र पोचतो. नवीन योगा क्लास, डीप मसाज, घरातलं फर्निचर हलवणं, यातलं काहीही नको.

शेवटचे दोन दिवस कार्ब लोडिंग. किलोमागे दिवसाला ८ ते १० ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५२० ते ६५० ग्रॅम. हे एका जेवणात होत नाही, दिवसभर थोडं थोडं भात, ब्रेड, बटाटा, केळी, ज्यूस असं विभागावं लागतं, आणि त्याच वेळी तेल-तूप, डाळी, सॅलड कमी करावं लागतं. आदल्या रात्री तडस लागेपर्यंत जेवणं म्हणजे कार्ब लोडिंग नव्हे, त्याने फक्त सकाळी टॉयलेटचे हाल होतात. वजन किलो-दीड किलो वाढेल, घाबरू नका, प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं.

आदल्या रात्री झोप लागली नाही तरी चालतं, त्याच्या आदल्या रात्रीची मात्र सोडू नका.

टप्पा ८: रेसचा दिवस

१. स्टार्टच्या अडीच-तीन तास आधी सवयीचा नाश्ता, सरावात खाल्लेलाच.
२. टॉयलेटची रांग गृहीत धरून तासभर आधी पोचा. अंगावर जुना टी-शर्ट ठेवा, सुरू होताना काढता येतो.
३. तुमच्या पेसच्या गटात उभे राहा, पुढे घुसू नका.
४. पहिले ५ किलोमीटर टार्गेटपेक्षा १० ते १५ सेकंद हळू. सगळे पुढे जातील, जाऊ द्या.
५. ५ ते ३० टार्गेट पेस, आणि जेलची वेळ घड्याळात अलार्म लावून.
६. ३० नंतर बघा काय शिल्लक आहे.

चौथा मुद्दा सगळ्यांना माहीत असतो आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण टेपरने पाय ताजे असतात, गर्दी ओरडत असते आणि ठरलेला पेस रांगल्यासारखा वाटतो. केनियाच्या केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा त्याचा पहिला अर्धा ६०:४८ चा होता आणि दुसरा ५९:४७ चा. त्याच्यासारखा माणूस पहिल्या अर्ध्यात हात राखून धावतो, तर आपण तर राखायलाच हवा.

पाण्याच्या पहिल्याच टेबलावर थांबू नका, तिथे झुंबड असते, शेवटची टेबलं मोकळी असतात. कागदी ग्लास वरून चिमटीत दाबला की तोटीसारखं तोंड होतं, धावताना नाकात पाणी जात नाही. चालत प्यायलात तरी दहा-बारा सेकंदच जातात.

क्रॅम्प आला तर थांबा, सावकाश ताणा, एक मिनिट चाला, मग पेस थोडा उतरवून सुरू करा. झटक्याने परत जुना पेस पकडला की तोच स्नायू पुन्हा धरतो.

> सावधान: रेसच्या आधी किंवा मधे पेनकिलर घेऊ नका, पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीवर ताण आणतात आणि इंजुरी झाकतात. छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, उन्हात थंडी वाजून काटा येणं, तोल जाणं, यातलं काहीही झालं तर लगेच थांबून मेडिकल टीमला हाक मारा.

टप्पा ९: फिनिशनंतर

मेडल घेऊन लगेच बसकण मारू नका, रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. १०-१५ मिनिटं सावकाश चाला, ओले कपडे बदला, अर्ध्या-एक तासात काहीतरी खा, पाणी तहानेप्रमाणे. लघवी कोलासारखी गडद झाली, किंवा बरेच तास झालीच नाही, तर ‘दमलोय म्हणून’ असं समजून झोपू नका, हॉस्पिटल गाठा, स्नायू तुटून किडनीवर भार आलेला असू शकतो.

दोन-तीन दिवस जिने उतरताना कठडा धरावा लागेल, ते ठीक आहे. पहिला आठवडा धावणं पूर्ण बंद, चालणं, हलकं सायकलिंग किंवा पोहणं चालेल. दुखणं चार दिवसांत गेलं तरी स्नायूंची आतली दुरुस्ती त्यानंतरही चालू असते, आणि लोक नेमके याच काळात, उत्साहात, पुढची १० के लावून इंजुरी ओढवून घेतात. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीनदा २०-३० मिनिटं अगदी सोपं. तिसऱ्याच्या शेवटी १० किलोमीटर कुठेही ओढ न बसता झाले तर नेहमीचं वेळापत्रक सुरू करा, आणि पुढच्या फुलची तारीख त्यानंतरच शोधा, निदान सहा महिन्यांपलीकडची.